बिनलेबलची बाटली

हरणी, बडोदे
१२ ऑगस्ट २००६

प्रिय केयूर,

सोसायटीत कळलं, तुला वापीला नोकरी लागली. बरं वाटलं. मी मार्चमध्ये रिटायर झालो. आता घरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवत बसतो आणि तुझी उल्काकाकू चिडते. बाजव्याच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली, खोड जाणार कशी? बिनलेबलची बाटली मी कधी कुणाला टेबलावर ठेवू दिली नाही. लहानपणी तू आणि ओजस माझी नक्कल करायचात. शेवेच्या डब्यावर ‘नमुना क्रमांक एक’ असं लिहून तो तपासता तपासता अर्धा फस्त करायचात.

आमच्या ओजसला जाऊन येत्या नवरात्रात दोन वर्षं होतील. रिपोर्ट तू वाचला नसशील. गरब्यात दम टिकतो म्हणून तुम्हाला विकलेल्या त्या गोळीत सांगितलेलं औषध नव्हतंच. उशिरा चढणारं, जास्त विषारी असं दुसरंच काही होतं. पहिलीने काहीच होत नाही म्हणून त्याने दुसरी घेतली. आत काय आहे हे विकणाऱ्याला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

काकू परवापर्यंत विचारायची, केयूरने दवाखान्यात तोंड का उघडलं नाही? मी पेपरात डोकं घालायचो.

तू उघडलं होतंस. दारातच मला बाजूला घेऊन रडत रडत सगळं सांगितलंस, उरलेली गोळी माझ्या हातात ठेवलीस. मी म्हणालो, डॉक्टरांशी मी बोलतो, तू घरी जा, कुठे बोलू नकोस. आणि आत जाऊन सांगितलं की पोराचे नवरात्राचे उपास आहेत, चक्कर आली. दांडिया बाजारातले नातेवाईक काय म्हणतील, पोलीस येतील, एवढंच डोक्यात होतं. त्याचं अंग तव्यासारखं तापलेलं, आणि मी, लेबलांचा एवढा मोठा शहाणा, माझ्याच मुलाला खोटं लेबल लावून मोकळा झालो. गोळी खिशातून काढायला मला दोन तास लागले. काकूला म्हणालो, त्याच्या कपड्यांत सापडली. डॉक्टर फक्त म्हणाले, आधी कळायला हवं होतं.

तू मात्र शब्द पाळलास, दोष माथी घेतलास आणि गाव सोडलंस. मला माझी लाज वाटते रे.

काल काकूला खरं सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. पण आज सकाळी, दोन वर्षांत पहिल्यांदा, तुझ्या आईच्या दारात गेली आणि तुझा पत्ता विचारून आली. माझ्यासमोर पाकीट ठेवलं आणि उभी राहिली, म्हणून हे लिहायला बसलो. पाकिटावरचं अक्षर तिचं आहे, तू ओळखशील.

तुझाच,
पद्माकरकाका