माझ्या डोक्यावरची शपथ

आबा,

बिडी कशी सोडावी हे तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की या सल्ल्याचा तुम्हाला आता काडीचा उपयोग नाही, हे मला कळतं. पण तुम्ही जिवंत असताना मी तुमच्यापुढे दोन वाक्यांच्या वर कधी बोलले नाही, आणि आता तुम्हाला उठून जाता येत नाही. तेव्हा ऐका.

काडेपेटी जवळ बाळगायची नाही, हे पहिलं. बिडी कुठेही लपवता येते, पण ती पेटवायला कुणाकडे तरी काडी मागावी लागली की माणूस ओशाळतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, धुळ्याला तुम्ही कामाला होतात त्या कापसाच्या जिनच्या फाटकावर शिकले. आत सरकी काढलेल्या कापसाचे डोंगर, एक ठिणगी पडली तर सगळं जिन खाक व्हायचं. म्हणून पहारेकरी प्रत्येक कामगाराचे खिसे चाचपून बिड्या आणि काडेपेट्या काढून घ्यायचा आणि सुटी झाली की परत द्यायचा. सकाळपासून दुपारच्या भाकरीपर्यंत आणि तिथून दिवे लागेपर्यंत तुम्ही बिडीशिवाय राहायचात. मरत नव्हतात. घरी आलात की मात्र माय चूल पेटवायच्या आत तुमची बिडी पेटलेली असायची आणि तिनं नुसतं वळून पाहिलं तरी तुम्ही ऐकवायचात, ‘हिनाबिगर मानूस मरी जाई.’ माय खोकत खोकत फुंकणी फुंकायची.

मग एका हंगामात तुमची मजल मुंडाशात बिडी लपवून आत नेण्यापर्यंत गेली. कापसाच्या गाठींच्या आड पेटवली आणि तिथंच पकडले गेलात. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील, मी आठ वर्षांची, धाकटा भाऊ नुकता चालायला लागलेला. माय त्याला कडेवर घेऊन मॅनेजरच्या दारात जाऊन बसली, रडली, पाया पडली, म्हणून तुमचं काम वाचलं. पुन्हा सापडलात तर कायमचं घरी बसवू, असं त्यानं तिला बजावलं. त्या दिवशी संध्याकाळी जे झालं ते तुम्ही विसरला असाल. मी नाही विसरले.

माय चुलीपुढून उठते. पिठाचे हात लुगड्याला पुसते आणि धाकट्याला उचलून तुमच्या पुढ्यात बसवते. ‘पोऱ्याना डोकावर हात ठेवा,’ ती म्हणते, ‘म्हना, आजपासून बिडी बंद.’ म्हणजे यापुढे ओढली तर पोरगा मरेल. आमच्याकडे शपथेचा अर्थ एवढा सरळ होता, तो आठ वर्षांच्या पोरीलाही कुणी समजावून सांगावा लागत नसे. तुम्ही धाकट्याकडे बघता. त्याच्या हनुवटीवरून लाळ गळते आहे, मुठीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा तुकडा आहे. तुमचा हात उचलला जातो आणि मधेच थांबतो. मग तुम्ही दाराशी उभ्या असलेल्या मला खुणेनं जवळ बोलावता. ‘पोऱ्यावर कसाले?’ तुम्ही मायला म्हणता. ‘पोर शे ना आठे.’ म्हणजे पोरगी आहे ना इथं. आणि तो हात माझ्या डोक्यावर येतो. धाकट्याला पटकन उचलून ती परत चुलीकडे जाते.

आठवडा तुम्ही नेटानं काढलात, हे कबूल करते. मग एका दुपारी तुमची भाकरी घेऊन मी जिनवर आले. फाटकाच्या अलीकडे, कापसाच्या गाड्या सुटतात तिथं, तुम्ही एका गाडीवानाबरोबर उकिडवे बसला होतात. धूर तुमच्या नाकातून येत होता. मी फडक्यात बांधलेली भाकरी छातीशी धरून तशीच उभी राहिले. तुम्ही मला पाहिलंत. दचकाल, बिडी फेकाल, निदान मूठ तरी झाकाल असं मला वाटलं. तुम्ही एक झुरका घेतलात, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत आणि हसलात. ‘काय व्हयनं तुले?’ तुम्ही विचारलंत. ‘जित्ती शे ना?’ गाडीवानही हसला. मायला सांगायचं नाही असं दरडावून तुम्ही भाकरी घेतलीत आणि मी घरी आले.

तुमच्या दृष्टीनं तो विनोद असेल. मी मात्र मरायच्या तयारीला लागले. माझे सागरगोटे शेजारच्या मैत्रिणीला देऊन टाकले, नवा परकर पेटीच्या तळाशी घालून ठेवला, कारण तो धाकट्याच्या दुपट्याला कामी आला असता. सकाळी जाग आली की आधी पायाची बोटं हलवून बघायची. तुम्ही खोकलात की मला कळायचं, आज पुन्हा ओढली. बिडी सोडू पाहणाऱ्याला घरच्यांनी आपली काळजी बोलून दाखवावी, असं आता सगळे सांगतात. मी कुणाला बोलून दाखवणार होते?

त्या पावसाळ्यात मला ताप भरला. हिवतापाची साथ होती, निम्मी गल्ली गोधड्यांत होती, पण आमच्या घरात ताप कशाचा ते मायला वेगळंच वाटत होतं. ‘खरं सांगा,’ ती माझ्या उशाशी बसून तुम्हाला म्हणाली, ‘बिडी पिनात का?’ तुम्ही ‘नही’ म्हणालात आणि मला बघायला खाली वाकलात. तुमच्या तोंडाला बिडीचा वास येत होता. आबा, तलफ येते आणि थोड्या वेळानं जाते. घोटभर पाणी प्यावं, अंगणात चार फेऱ्या माराव्यात, तेवढ्यात ती ओसरते. पोरगी तापानं फणफणली आहे, आपल्या हातून शपथ मोडली आहे, आणि तरी तुम्ही येताना एक ओढून आला होतात. तेवढा थोडासा वेळसुद्धा तुम्हाला माझ्यासाठी काढवला नाही.

मी वाचले. डॉक्टरच्या कडू गोळ्यांनी वाचले. भाकरी गिळायला लागल्यावर मी मायला जिनच्या फाटकावरचं सगळं सांगून टाकलं. ती तुमच्याशी भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही चहा घेत बसला असताना तिनं धाकट्याला तुमच्या मांडीवर ठेवलं, तुमचं मनगट धरलं आणि तुमचा पंजा त्याच्या डोक्यावर दाबून धरला. तुम्ही हात ओढून घ्यायचा प्रयत्न केलात. तिनं सोडला नाही. चहा बशीतून सांडला. शेवटी तुम्ही शपथेचे शब्द पुटपुटलात, आणि त्या सकाळनंतर मरेपर्यंत बिडीला शिवला नाहीत.

तेव्हा तुम्ही जे जे केलंत ते माझ्या पक्कं ध्यानात आहे, कारण ते पुरवायला मीच होते. भाजलेला ओवा आणि बडीशेप मीच पुडीत बांधून द्यायची. हाताला चाळा हवा म्हणून कडुलिंबाची काडी मीच तोडून आणायची. पानाच्या दुकानासमोरून जायचं टाळायला तुम्ही पांझरा नदीच्या काठानं लांबून जिनला जायला लागलात. गाडीवानांत बसणं सोडलंत. जेवण झाल्याबरोबर उठून तोंड धुवायचात, कारण जेवणानंतरच्या बिडीची आठवण सगळ्यांत वाईट. पहिले काही दिवस तुम्ही ताट भिरकावलंत, मायला नाही नाही ते बोललात, मला एकदा ओवा जळाला म्हणून थोबाडीत मारलीत. दोन-तीन आठवड्यांत सगळं निवळलं. उपाय उत्तम आहेत, आबा. मी आजही लोकांना हेच सांगते आणि पुष्कळांना गुण येतो.

पुढे तर तुम्ही गल्लीतले मोठे जाणकार झालात. कुणी खोकत आलं की ओट्यावर बसवून घ्यायचात. ‘मन घट्ट पाहिजे, बठ्ठं मनवर शे,’ सगळं मनावरच असतं असं म्हणायचात, आणि लोक माना डोलवायचे. मी आतून पाण्याचे तांबे आणून द्यायची. मन घट्ट व्हायला हाताखाली कुणाचं डोकं लागतं, ते तुम्ही त्यांना कधी सांगितलं नाहीत. तुमचा तो लाडका धाकटा आता म्हातारा झाला आहे आणि दिवसाला पाकीटभर सिगारेट ओढतो. माझ्याकडे आला की मी त्याला अंगणात पाठवते. तिथं उभा राहून तो थेट तुमच्यासारखा खोकतो आणि मला हसू येतं.

आज हे लिहायला कारण माझा मुलगा. दीपनगरला नोकरीला आहे, तोही ओढतो. परवा आला तेव्हा डॉक्टरनं भरवलेली धास्ती चेहऱ्यावर दिसत होती. मी त्याला तुमचे सगळे उपाय सांगितले, ओव्याची पुडी हातात दिली. तो ऐकत होता. मग एकदम गहिवरला आणि ‘आई, तुझी शपथ, आजपासून बंद’ असं म्हणत त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो झटकला. ‘शपथा घालायच्या नाहीत माझ्या घरात,’ असं काहीतरी ओरडलेसुद्धा. त्याला वाटलं, आई मरणाला भिते. शपथ मोडल्यानं कुणी मरत नाही, हे मला तुम्ही केव्हाच दाखवून दिलंत. भीती वेगळी होती. तो परत ओढेल, आणि माझं डोकं पुन्हा त्याच कवडीमोलानं जाईल.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिते. त्या संध्याकाळी धाकट्याला सोडून तुम्ही मला बोलावलंत, तेव्हा काय चाललं आहे ते मला पुरतं कळत होतं. तरी मी मान हलवली नाही. तुमच्या तळव्याला सरकीचा वास होता. त्याआधी तुम्ही माझ्या डोक्यावर कधी हात ठेवला नव्हता आणि नंतरही ठेवला नाहीत. परवा मुलाचा हात पडला, तो मी लगेच झटकला नाही, आबा. आधी डोळे मिटून थोडा वेळ तसाच राहू दिला.