चंद्रभानची हजेरी

अकोला, ६ जानेवारी १९५८
अंजनगाव सुर्जीच्या शाळेतून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, गोपाळकृष्ण मास्तर, संपली तुमची हजेरी. आणि आज पुन्हा हजेरीच घेतली! नगरपालिकेच्या बंबखान्यात लेखनिक म्हणून रुजू झालो. लालभडक आगीचा बंब, पितळी घंटा, अंगणात निंबाची सावली आणि आडदांड, हसरे बंबवाले. माझं लगेच 'गुरुजी' करून टाकलं त्यांनी. संध्याकाळी मी त्यांना पाखरांची कविता म्हणून दाखवली, दुसरीच्या वर्गाला शिकवायचो ती. क्षणभर बाकं दिसली, खडूचा वास आला. देवीदास नावाचा बंबवाला डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "गुरुजी, आवाज कडक हाये तुमचा. पन आग कवितेनं नाई इझत." सगळे हसले. मीही.

९ जानेवारी
हजेरीत काहीतरी खटकत होतं. आज कळलं. 'चंद्रभान' पुकारलं की देवीदासच 'हाजर' म्हणतो. चंद्रभान दिवाळीनंतर एका जिनाच्या, कापसाची सरकी काढायच्या कारखान्याच्या, आगीत गेला, देवीदासच्या डोळ्यांदेखत. मेल्याचं वर कळवलं तर जागा रद्द होईल, म्हणून अधीक्षक भगवंतरावांनी नाव तसंच ठेवलंय, आणि त्याच्या पाळ्याही देवीदासवर लादल्या आहेत. साहेब व्हरांड्यात आमच्याकडे पाठ करून चहा पितात आणि आवाज मोजतात. माणूस दिसायची त्यांना गरज नसते.

१८ जानेवारी
कापसाचा हंगाम. आज या जिनात आग, उद्या त्या. परतल्यावर बंब धुतात, त्याचं तेलपाणी करतात, ताडपत्री घालून त्याला निवांत ठेवतात. माणसांना कोण पुसतं? देवीदास काळं थुंकतो. झोपायला भितो. डोळा लागला की चंद्रभान आतून हाक मारतो म्हणे. साहेबांना म्हटलं, त्याला डॉक्टरला दाखवा, महिनाभर घरी सोडा. ते म्हणाले, मास्तर, तुम्ही कविता म्हणा. जन्मभर पोरांचे कान धरले, आणि ज्याचा धरायला हवा होता त्याचा धरता आला नाही.

२७ जानेवारी
आज 'चंद्रभान'ला जो 'हाजर' आला तो आवाज देवीदासचा नव्हता. तोंड त्याचंच. आवाज जाड, घोगरा. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. त्यांच्या ओळखीचा होता तो आवाज.
मग 'देवीदास' पुकारलं. उत्तर नाही. पुन्हा पुकारलं. तो माझ्याकडे बघत राहिला, कुणा परक्याचं नाव ऐकावं तसा.

३१ जानेवारी
पातूरहून देवीदासची बायको सत्यभामा आली. पुढ्यात भाकर ठेवली. त्यानं तिला 'वहिनी' म्हटलं. विचारलं, देवीदास कुठं गेला?
ती रडली नाही. माझ्याकडे येऊन म्हणाली, "गुरुजी, मानूस जिता हाये तवर मले वापस द्या."
मी साहेबांपुढे हात जोडले. नाही म्हणाले. एक आवाज कमी पडला तर वर काय सांगू, म्हणाले. असल्या माणसापुढे हात जोडले मी! थू.

१ फेब्रुवारी
दोघांना पहाटेच्या मोटारीत बसवून दिलं. साहेबांना विचारलं नाही.
हजेरीला मीच 'देवीदास' पुकारलं, मीच 'हाजर' म्हटलं. साहेबांनी मान वळवली नाही. मग 'चंद्रभान'. तेही मीच म्हणणार होतो. श्वास घेतला—
त्याआधीच उत्तर आलं. रांगेतल्या रिकाम्या जागेतून.

३ फेब्रुवारी
पातूरहून निरोप. देवीदास पोटभर झोपला. उठल्यावर सत्यभामेला नावानं हाक मारली. सुटला बिचारा.
सकाळी मी थुंकलो तर काळं. मी तर आगीच्या वाऱ्यालाही उभा राहिलो नाही.
उद्यापासून देवीदासच्या नावाला 'हाजर' म्हणायचं नाही.

४ फेब्रुवारी
म्हटलं. साहेब बजावून गेले, एकाचाही आवाज चुकला तर त्याला घरून उचलून आणीन. म्हणून म्हटलं. दात खाऊन म्हटलं. तो परत यायचा नाही, मी इथं असेपर्यंत—

६ फेब्रुवारी
पाखरांची कविता आठवत नाही. एक ओळही नाही. जिनाची मागची गल्ली आठवते. कोणती भिंत आधी तापते ते मले माहीत आहे. मी तिथं कधी गेलोच—
'मले'? असं कावून लिहिलं मी?

७ फेब्रुवारी
घंटा. साहेब अंगणातून पुकारून राहिले, देवीदास, देवीदास. सारे माह्याकडं पाहून राहिले. जात नाही. मी गोपाळकृष्ण, मास्तर, जाऊन त्या भगवंतरावाच्या कानफटात— पण नाही गेलो तर ते पातूरले मानूस धाडतीन—
पाय उठले. बूट बरोबर बसले.
सत्यभामे, भाकर झाकून ठेव, मी