एलएमजी अडली तेव्हा

आर्नहेम,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबांस,
सारंगचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं बरे आहोत. श्रुतीचं ऑफिस तीन दिवस घरूनच असतं. माझं सायकलच्या दुकानातलं काम चालू आहे. थंडीत ब्रेकच्या तारा अडकतात, त्यामुळे गर्दी आहे. आईचे गुडघे कसे आहेत? हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं, मग उतरवून काढलं. फोनवर तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून पत्र.

पाडव्याला श्रुतीने फोनवर पाठवलेला माझा मशीनगनमागचा फोटो तुम्ही पाहिलात आणि तिच्याजवळ निरोप दिलात, "फौजेत जायला दम नव्हता, आता हौसेने फौजी बनतोय होय? मशीनगन म्हणजे जत्रेतली फुगे फोडायची बंदूक वाटली का?" आणि वर, "हे सोडलंस तरच एप्रिलमध्ये येतो."

बाबा, मी सोडणार नाही. आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला आशा नको.

इथे खासगी माणसाला मशीनगन चालवता येत नाही. म्हणून आमच्या नेमबाजी क्लबातले आम्ही चौघे ऑक्टोबरात गाडीने चेकियाला गेलो. तिथे एका परवाना असलेल्या रेंजवर जुन्या फौजी बंदुका चालवू देतात. मी १९४३ची ब्रेन मशीनगन चालवायला घेतली. तुम्ही वीस वर्षं फौजेत आर्मरर म्हणून ज्या एलएमजी मशीनगन दुरुस्त केल्यात, त्यांची ही थोरली बहीण. लाकडी मूठ कितीतरी हातांनी गुळगुळीत झालेली. सुट्या भागांवर एकच नंबर, म्हणजे सगळे मूळचे. मी प्रत्येक पाहिला. तिचा एकेक बार मोजता येतो. मी तीन-तीनच गोळ्या सोडत होतो.

(क्लबातल्या हेंककडे कायमची निकामी केलेली एक ब्रेन आहे. खंडेनवमीला मी तिला हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी जातो तर हा घासायचा एमरी पेपर घेऊन बसलेला. म्हणतो, "सारंग, एका दिवसात एवढा गंज?")

तर, दुसऱ्या मॅगझिनला बंदूक अडली. हेंक म्हणाला, "म्हातारी दमली." रेंजवाला दुसरी आणायला निघाला. मी म्हटलं, "थांबा, गॅसचं भोक बघा." त्याने बंदूक रिकामी केली, बघितलं, बाराचा गॅस जायचं भोक काजळीने बुजलेलं. रेग्युलेटर पुढच्या मोठ्या भोकावर फिरवला आणि ती पुन्हा चालू लागली.

घरातला स्टोव्ह फुरफुरला की तुम्ही त्याचे भाग पंच्यावर डावीकडून उजवीकडे मांडायचात. म्हणायचात, "अडलं की चिडू नये, भोक बघावं. एलएमजीचंही असंच." मी सात-आठ वर्षांचा असेन. सायकलीसुद्धा मी अजून तशाच खोलतो.

रेंजवाल्याने विचारलं, "फौजेत होतास?" मी नाही म्हटलं. आता तुम्हालाही सांगायला हवं.

भरतीला मी धावलोच नाही. शेवटच्या फेरीत पोराचा दम गेला, असं तुम्ही आठ वर्षं सगळ्यांना सांगता. मी मैदानात गेलोच नव्हतो. फाटकासमोरच्या टपरीवर दुपारपर्यंत बसलो, बूट मातीत घासले आणि घरी आलो. माणसावर नेम धरायचा, हे मला झेपलं नसतं. ते तुमच्या तोंडावर बोलणं तर मुळीच झेपलं नसतं. आधी बारावी नापास झाल्याचं सांगितलं होतं, तुम्हाला तेवढाच धक्का पुरे वाटला.

मी कुलूप तीनदा ओढून बघतो, फोन वाजला तरी दचकतो, हे तुम्ही जाणता. त्या बंदुकीमागे पालथा पडलो तेव्हा एकदाही दचकलो नाही. समोर लाकडी फळी होती, माणूस नव्हता. फौजी बनायची मला हौस नाही. एवढ्या वर्षांची वस्तू नीट चालते, आणि का चालते ते मला कळतं, याची हौस आहे. ती तुमच्याकडूनच आली. लाज वाटत असेल तर दोघं वाटून घेऊ. पण माझ्या वाट्याची मी घेणार नाही.

मे महिन्यात आम्ही पुन्हा जाणार आहोत. गॅसचं बाबांनी शिकवलं, असं मी रेंजवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना घेऊन ये." गाडीत एक जागा आहे. एप्रिलमध्ये आलात तर येताना पंचा आणा, इथे मिळत नाही. नाही आलात तरी मी जाणार.

आईला नमस्कार. उत्तर श्रुतीजवळ देऊ नका, मला द्या.

तुमच्या हाताखाली शिकलेला,
सारंग