भेंडीत आमसूल

आई, आज भेंडी चिरताना तुझी आठवण आली असं लिहिलं तर तू म्हणशील, एरवी येत नाही काय. येते. आज जरा छळायलाच आली. एका सुट्टीत मी मालगुंडला आले होते आणि तू भेंडी परतत होतीस. वर्षभर प्रयोग अडलेला, त्यामुळे मी सगळ्यांवर करवादत होते. "करतेस तरी काय गो तिकडे?" तू विचारतेस, आणि मी कटकट मिटावी म्हणून सांगते: भेंडीच्या तारेसारख्या लांब साखळ्या असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. त्यांच्या अंगभर सारखाच विद्युतभार, म्हणून प्रत्येक तुकडा दुसऱ्याला ढकलतो, साखळी फुगून पसरते आणि ज्या बारीक भोकातून ती पलीकडे न्यायची, त्यात शिरायलाच मागत नाही. तू कढई हलवत सगळं ऐकून घेतेस. मग म्हणतेस, "आमसूल घालून बघितलंस काय? दोन टाकली की तार जाते."

पुढच्या खेपेला माझे प्रयोगशाळेतले मित्र गणपतीपुळ्याहून परतताना आपल्याकडे जेवायला थांबले. तू सोलकढी वाढत होतीस, आणि मी तुझ्यादेखत, तुझा हेल काढून, आमसुलाचा तो किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसले. तूही हसलीस आणि कुणाला भात हवा का ते बघू लागलीस. त्यानंतर तू माझ्या कामाबद्दल कधी विचारलं नाहीस. फोनवर फक्त "जेवलीस काय?" एवढंच. तू विचारणं सोडलंस हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. तू गेल्यावर आलं.

तू गेल्याच्या दुसऱ्या वर्षी, सगळं करून थकल्यावर, मी त्या साखळ्या ज्यात तरंगतात त्या पाण्यात थोडं आम्ल घातलं. भार उतरला, ढकलाढकली थांबली आणि साखळ्या अंग चोरून भोकातून आत गेल्या. तुला सांगायला मी फोन हातात घेतला होता. मग जिन्यात बसून खूप रडले. तुझी माफी मागायची राहिली, आई, आणि आता ती कुणाकडे मागू ते कळत नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणूनच कालचं सांगते. रत्नागिरीत कॉलेजात माझं व्याख्यान होतं. शेवटी एका मुलीने विचारलं, "मॅडम, आम्ल घालायचं तुम्हाला कसं सुचलं?" हॉल भरलेला होता. तू अगदी ओठांवर आली होतीस.

मी म्हटलं, सहज सुचलं.