उतार नसलेली सहल

२५ एप्रिल
दहावीचे पेपर होऊन महिना उलटला. नुसतं कूलरपुढं पडून राहणं आपल्यासारख्याला शोभत नाही. सायकल टूर काढायची ठरवली. बीड ते नेकनूर, मंजरसुंब्याचा घाट चढून. ग्रुप मी काढला, ॲडमिन मी, म्हणजे कॅप्टन कोण हे वेगळं सांगायला नको. ग्रुपचं नाव 'बालाघाटचे वाघ'. बजरंगनं लगेच खाली शेळीचा फोटो टाकला. हा आमच्या वर्गातलाच. त्याचे आईवडील ऊसतोडीहून मागच्या आठवड्यात घरी आले, तेव्हापासून दोन वेळा आईच्या हातचं जेवतो आणि भलताच जोरात आहे. मी दुर्लक्ष केलं.

२६ एप्रिल, सकाळ
एक गोष्ट फक्त इथंच लिहून ठेवतो. मला उतार आवडत नाही. भीती वगैरे काही नाही. आवडत नाही. एखाद्याला कारलं आवडत नाही, तसं. चढ कितीही द्या. दम लागतो, पण मन शांत असतं. उताराला सायकल आपलं ऐकत नाही, आणि जी वस्तू आपलं ऐकत नाही तिच्यावर बसणं हा शुद्ध बावळटपणा. परवा बार्शी नाक्याच्या पुलावरून मी सायकल हातात धरून चालत उतरलो. चेनचा आवाज येत होता म्हणून.

२६ एप्रिल, दुपार
सुचलं! बीड खाली, मंजरसुंबा वर. जाताना नुसता चढ. वर गेलं की सपाट पठार. परत येताना सरळ एसटी, सायकली टपावर. अख्ख्या टूरमध्ये उतारच नाही. एवढी साधी गोष्ट आजवर कुणाच्या डोक्यात आली नसेल. ग्रुपवर टाकली. करिष्मा आमच्या गल्लीतली, तिला प्रत्येक गोष्टीत 'कावून', म्हणजे 'का', विचारायची खोड आहे. घाट आपण चढायचा आन् उतरायची मजा एसटीला, हे कावून, असं तिनं विचारलं. मी 'सेफ्टी' एवढंच लिहिलं. बजरंगनं लिहिलं, उताराला भ्यातो का बे. फोन चार्जिंगला लावला.

२८ एप्रिल
घरून परवानगी मिळाली. अप्पांनी भांड्याच्या दुकानात गिऱ्हाइकासमोरच सांगितलं की जा, पण रुद्राणीला घेऊन जा. रुद्राणी माझी धाकटी बहीण. आता आठवीत जाईल. वर असंही म्हणाले की तिला कुठं खरचटलं जरी, तरी तोंड दाखवू नको. आई म्हणाली, तिकडं जाताच आहात तर कपिलधारला दर्शन घेऊन या. कपिलधार दरीत आहे. म्हणजे खाली. रस्ता असा घसरत जातो. मी बघू म्हणालो. लगेच दोन तांबे पाणी प्यालो. ऊन काय कमी आहे का.

३० एप्रिल
वाईट स्वप्न. सायकल उताराला लागलीय आणि ब्रेकच्या जागी दोन वांगी. दाबतोय, दाबतोय. आईनं हलवून उठवलं. म्हणाली, झोपेत कुणाला थांब थांब म्हणत होतास? रिक्षाला, असं सांगितलं.
निश्चय: रोज पहाटे उठून उताराचा सराव. आवडत नसलं म्हणून काय झालं, कॅप्टनला सगळं आलं पाहिजे. उद्यापासून.

१ मे
महाराष्ट्र दिन. सरावाला सुट्टी.

२ मे
ऊन लई. सराव अंगाशी आला असता.

३ मे
सराव झाला! दुकानाच्या पायऱ्यांना लागून हातगाडी चढवायला सिमेंटचा उतार केलाय, तिथून सायकलवर बसून खाली आलो. दोन्ही पाय जमिनीला लावून, पण बसून. रुद्राणी ओट्यावरून बघत होती. दादा, भ्या वाटतंय का, असं हळूच विचारलं. मी तिला घर्षण समजावून सांगितलं. ती बरं म्हणाली. पोरगी हुशार आहे, लवकर समजतं.

५ मे, सकाळ, पाली
निघालो. आम्ही आठ जण. हायवेला मी सगळ्यांच्या मागं राहिलो. कॅप्टननं मागंच राहायचं असतं, म्हणजे सगळे नजरेत राहतात. एक कंटेनर एवढ्या जवळून गेला की माझी टोपी उडून एरंडाच्या झाडात अडकली. टोपी तशी जुनीच होती. तिला तिथंच सोडलं.
पालीला धरणाजवळ बसून दशम्या खाल्ल्या. इथून घाट दिसतो. चढायचाय, म्हणून काही वाटलं नाही. पण एक ट्रक घाट उतरून आमच्यासमोर येऊन थांबला. त्याच्या चाकांतून जळक्या रबराचा वास येत होता आणि ड्रायव्हर खाली उतरून चाकांवर पाणी मारत होता. पाणी पडलं की चर्रर्र आवाज. मी दशमी परत डब्यात ठेवली.

५ मे, नंतर
घाट चढलो. पहिला मीच. हे खरं आहे, खोटं नाही. बजरंगला दोनदा उतरून सायकल ढकलावी लागली, मला एकदाही नाही. वर पोचलो तेव्हा टाळ्या वाजवायला कुणीच नव्हतं, कारण सगळे मागं. कुणी दिसतंय का म्हणून वळून खाली बघितलं. बघायला नको होतं. रस्ता सापासारखा गुंडाळलेला आणि त्याच्यावरनं जीप काडेपेटीएवढी. मटकन खाली बसलो. चढामुळं. नेकनूरला करिष्माच्या सुनिता मावशीकडं मुक्कामाला पोचलो तो सरळ आडवा झालो. दमदार चढ होता.

६ मे
सगळ्यांना कपिलधारला जायचं. मी मुद्दा मांडला की उन्हाळ्यात धबधब्याला टिपूस नसतं, नुसते खडक बघायला कशाला उन्हात मरायचं. कुणी ऐकलं नाही. बजरंग म्हणाला, देवाला आलतो की पाण्याला बे? सगळे गेले. मी वर फाट्यापाशी लिंबाखाली सामान सांभाळत बसलो. कुणीतरी बसायलाच हवं. तिथूनच हात जोडले. देवाला वरून केलेला नमस्कार पोचतो, त्यात काही अडचण नसावी.
घामाघूम होऊन परतले. रुद्राणीनं कागदात विभूती आणली होती, ती माझ्या कपाळाला लावली. म्हणाली, आईला सांगू, दोघांनी दर्शन घेतलं. मी हो म्हणालो. एका अर्थी घेतलंच.
उद्या एसटी. मन कसं प्रसन्न आहे.

७ मे, सकाळी ८, मंजरसुंबा फाटा
पहिली एसटी आली. कंडक्टर म्हणाला, नवी गाडी हाय, टपावर चढायला शिडीच न्हाई, सायकली काय डोक्यावर घेऊ का. मी त्याला समजावलं की पूर्वी शिडी असायची. तो म्हणाला, पूर्वी लई काय काय असायचं. गाडी गेली.
काही हरकत नाही. दुसरी येईल.

७ मे, सकाळी ९
दुसरीलाही शिडी नाही. तिसरी लग्नाच्या वऱ्हाडानं भरलेली, ती थांबलीच नाही, एक म्हातारा खिडकीतून आमच्याकडं बघून हात हलवत गेला. मी टेम्पो बघू म्हणालो. संध्याकाळपर्यंत थांबू म्हणालो. अप्पांना फोन करू म्हणालो, मग अप्पा काय म्हणतील ते आठवून फोन खिशात ठेवला. करिष्मा म्हणाली, घाट खाली हाय, घर खाली हाय, आपण वर कावून बसलोत? सगळे हसले आणि सायकलींवर बसले. एकानंसुद्धा कॅप्टनला विचारलं नाही.
मी दोनदा झाडामागं जाऊन आलो. मावशीकडच्या पोह्यांचा दोष असावा.

७ मे, घाटाचं पहिलं वळण
कठड्यावर बसून लिहितोय. मी सगळ्यांना म्हणालो, व्हा पुढं, मी मागून लक्ष ठेवतो. ते गेले. सगळ्यात पुढं रुद्राणी. वेणी उडत होती आणि ती ओरडत होती. आनंदानं की भ्यानं, ते वरून कळलं नाही. मग वळली आणि दिसेनाशी झाली. लगेच एक टँकर गेला त्याच वळणावर. टँकर पण दिसेनासा झाला.
मी सायकलवर बसलो होतो. खरंच बसलो होतो. सायकल आपली आपण निघाली. मी तिला थांब म्हणालो. पाय टेकवला तर चप्पल मागं राहिली. कठडा धरला म्हणून वाचलो. कोपर सोललंय.
समोर एक वानर बसलंय. माझ्याकडं बघतंय. त्याला काय बघायचंय ते बघू दे.

७ मे, तिथंच
फोन लावला. रुद्राणीचा लागत नाही. बजरंगचा लागत नाही. घाटात रेंज नाही, एवढंच असेल. टँकरचं काही नसेल.
भ्या वाटतंय. लई भ्या वाटतंय. इथं लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. तिला काही झालं असलं तर खाली जायला पाहिजे. आणि मला खाली जाता येत नाही. चालत जावं म्हणून उठलो तर पाय जागचे हलेनात. चालायला काय होतंय? चालायलाच तर जायचंय. सायकल हातात घेतली तरी ती पुढं ओढती. सोडून द्यावी तर सायकल टाकून आला म्हणतील. रुद्राणीला मी आणलं. अप्पांनी माझ्यावर सोपवलं. ती खाली आणि मी इथं वानरासमोर बसलोय.
देवा, पोरीला काही होऊ देऊ नको. काल खाली आलो नाही त्याचा राग धरू नको.

७ मे, दुपार, पाली
सगळं व्यवस्थित पार पडलं. सविस्तर लिहितो.
मी खाली निघायच्या तयारीत होतो, एवढ्यात वळणावरून रुद्राणी वर येताना दिसली. चालत. एकटी. तोंड लालबुंद, स्कार्फ डोक्याला गुंडाळलेला. तिची सायकल खाली बजरंगपाशी ठेवून आली होती. मी आधी लई ओरडलो तिच्यावर, आणि मग का कोण जाणे, डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत धूळ जाते घाटात. ती धापा टाकत म्हणाली, दादा, मला भ्या वाटतंय, तू माझ्यासंगं चल.
बघा! शेवटी पोरगीच. असं म्हटल्यावर कॅप्टनला बसून कसं चालेल? मी उठलो. दोन्ही ब्रेक आवळून सायकल हातात धरली आणि तिला धीर देत उतरायला लागलो. ती मागून माझी सीट धरून होती. तिला आधार पाहिजे होता. वळण आलं की म्हणायची, दादा, डोळे उघड, वळण कसं घ्यायचं ते मला बघायचंय. मग मी उघडून दाखवायचो. ट्रक आला की ती रस्त्याच्या बाजूला यायची, मी कठड्याच्या बाजूला. अशानं ट्रक नीट बघता येतो म्हणाली. मधे एकदा मला अजिबात पुढं जावंसं वाटेना. तिनं मला शाळेतल्या बाईंची नक्कल करून दाखवली. तिचं भ्या घालवायला मी हसलो. हसता हसता दोन वळणं गेली.
खाली बाकीचे झाडाखाली टरबूज खात बसले होते. बजरंगनं मला चालत येताना बघून तोंड उघडलं, एवढ्यात रुद्राणीच म्हणाली की मी भ्याले, दादानं आणलं मला. बजरंगनं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि टरबुजाची फोड माझ्या हातात दिली. बस बे कॅप्टन, एवढंच म्हणाला. पहिल्यांदाच कॅप्टन म्हणाला.

८ मे, बीड
रुद्राणीनं घरी सगळं सांगितलं. घाटात ती कशी रडकुंडीला आली आणि दादानं तिला कसं हात धरून आणलं. अप्पांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आजवर कधी ठेवला नव्हता. सकाळपासून दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतायत. एका बाईला कुकर देता देता सांगितलं. ती म्हणाली, भाऊ असावा तर असा. मी मान खाली घालून झाकणं पुसत होतो.
हात धरला नव्हता. हात धरला असं सांग, असं मी तिला म्हणालो पण नव्हतो.
पुढच्या वर्षी परळी करावी. रस्ता बघायला बसलो, पण मन लागेना.

८ मे, संध्याकाळ
रुद्राणीच्या टाचेला मोठा फोड आलाय. आई तेल लावत होती. सायकल चालवून टाचेला फोड कसा येतो गं, असं विचारत होती. रुद्राणी म्हणाली, चपलेनं. आईनं माझ्याकडं बघितलं. मी पण म्हणालो, चपलेनं.
ती तर घाट उतरून गेली होती. सगळ्यांच्या आधी, ओरडत. मग परत वर कावून आली, हे तिला विचारायचंय. दोनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. भ्या वाटलं. परत आलो.