उडणाऱ्या गड्याच्या चार दुनिया

मुक्काम संतपूर

धाकटा भाऊ बसवेश यास सिद्धव्वा अक्काचा शरणार्थ. तुझा गुडघा कसा हाय? गोळी घेतोस का नुसती खिशात ठिवतोस? आम्ही समदे बरे हाव. फोन असताना चिठ्ठी कामून, म्हणशील. फोनवर तू 'बरं अक्का, बरं अक्का' करतोस आन् ठिवून देतोस. म्हणून लिवायलेय, आन् दुकानाच्या पत्त्यावर धाडायलेय.

तुझ्या भाचीच्या, चैत्राच्या शाळेत गॅदरिंग झालं. चार पोरांचा एक नाच. चौघांनीबी त्या चित्राच्या पुस्तकातल्या उडणाऱ्या गड्याचा वेष घालायचा. जांभळा अंगरखा, छातीवर चांदणी, पाठीला फडकं. (नाव माझ्या तोंडात बसत न्हाई. त्याला तरी माझं कुठं ठाऊक हाय?) नाच बसवणाऱ्या मंजुश्री बाई म्हणल्या, बीदरहून भाड्यानं आणू. मी म्हनलं, मग मी मशीन कशाला मांडलीय, वारा घ्यायला? कापड आणून टाका. आणलं. आता नवं कापड भिजवून मगच कातरायचं ही माझी रीत. भिजवलं, तर निम्मा रंग बादलीत आन् कापड आटून टॉवेलाएवढं. त्यात एकच वेष निघाला. उरलेले घरातलं धुंडाळून शिवले. एकाला ह्यांचं धोतर, एकाला लुंगी, आन् चैत्राला परकर-पोलकं, पाठीला हिरवं रेशमी फडकं. धोतरवाल्याचा अंगरखा खताच्या पिशवीचा केला (छातीवर 'भरघोस उतारा' छापल्यालं हाय, चांदणी चिकटवायची मेहनत वाचली).

बाईनं बघितलं आन् कपाळाला हात लावला. "अक्का, हे काय केलात? हिरो एकच हाय, चौघं सारखे पाहिजेत. असं असंल तर नाचच नको." चैत्राचं तोंड एवढंसं झालं. महिनाभर पोरगी अंगणात उड्या मारायलीती. मला असा राग आला बसवेश! म्हनलं, कामून सारखे? तो आभाळातनं पडला, तर कुठं पडायचं हे कुणी ठरीवलं होतं? शेहरात पडला म्हणून जांभळा अंगरखा. दुबलगुंडीच्या तुरीत पडला असता तर धोतरच नेसला असता, पिशवी बांधून फवारणीला गेला असता. तेलंगणाच्या अंगाला पडला तर लुंगी. आन् माझ्या घरात पोरगी होऊन पडला, तर ही उभी हाय बघा.

बाई हसाय लागल्या. म्हणल्या, अक्का, हे खरंच पुस्तकात असतंय, हिरो एकच पन दुनिया निरनिराळ्या. मी म्हनलं, त्यांनी छापलं असंल, मी शिवलंय.

नाच झाला. धोतरवाला उडाला तशी मागची गडीमाणसं टोप्या उडवाय लागली. चैत्रानं टेबलावरनं उडी मारली, फडकं असं पसरलं की मुख्याध्यापक उठून उभारले. जांभळ्या पोराची आई मात्र भांडायला आली, "माझ्याच लेकराला बाहेरगावचा कामून केलीस गं?" आता दुबलगुंडीच्या शाळेनं वेष सांगितलेत. चार दुनियांचे, माझ्याच हातचे. बीदरच्या भाड्याच्या दुकानात मिळतेत का बघ म्हनावं.

तुझी अक्का,
सिद्धव्वा

ता.क. तुझ्या बायकोनं, सुधारानीनं, फॉल लावायला माझ्याकडं हिरवी इरकल साडी ठिवली होती, तुला आठवत असंल. तसलीच, तांबड्या काठाची, तुझ्या दुकानात असंल तर गुपचूप धाड. मी फॉल लावून तिची तिला परत करते. फोनवर हे बोलता येत न्हाई, तुझा फोन तीच उचलती.

आणखी ता.क. चैत्राचा फोटो पेपरात आलाय. फडक्याचा काठ लई झ्याक दिसायलाय. तो पेपर घरी नेऊ नको. तरी सुधारानीनं बघितलाच, तर तिला सांग, दुसऱ्या एका दुनियेत तुझी साडी फॉल लागून ट्रंकेत घडी घालून ठिवल्याली हाय.