पायी येणाऱ्यांसाठी

बाबा, वाटसरूंच्या मुक्कामाचा आपला उतारा विकला गेला हे आईने तुला कधीच सांगितलं असेल. भाकरी थापताना ती तुझ्याशी बोलते, मी ऐकलं आहे. पण ती तिला हवं तेवढंच सांगते, आणि त्यानंतर जे झालं त्यात माझा हात होता, म्हणून ते तर ती गाळणारच. तू गेल्यावरही तुझ्याकडे माझी तक्रार करायची नाही, असं तिने ठरवलेलं दिसतं. म्हणून मीच लिहायला बसले आहे, सरावलीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत, रविवारी दुपारी. खाली मालकीणबाईंचा मिक्सर चालू आहे. ही खोली तू पाहिली नाहीस. मी डहाणूच्या एका कार्यालयात कारकून झाले तेही तू पाहिलं नाहीस. आपल्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली, आणि कागदावर सही करण्याआधी अजूनही तो उलटसुलट वाचते, मग सही केल्यावर पुन्हा वाचते. बरोबरचे हसतात. तूही हसला असतास.

तुझ्या वेळचा उतारा मला आठवतो तो वासाने. मिठाच्या कोमट पाण्याचा वास, आणि बागेतून टोपलीने येणाऱ्या डागी चिकवांचा. तलासरी सोडून महालक्ष्मीकडे यायच्या वाटेवर, हायवेच्या कडेला, ती लांब कौलारू पडवी, मागे मोठी खोली आणि तिच्या मागे आपलं बिऱ्हाड. डहाणूच्या बागवाल्या काकांच्या वडिलांनी पायी चालणाऱ्यांसाठी ते बांधलं आणि सांभाळायला तुला ठेवलं. चैत्रात महालक्ष्मीचा नवस फेडायला निघालेले लोक यायचे, रामनवमीच्या आधी गुजरातेतून शिर्डीला जाणाऱ्या पालख्या यायच्या, आणि पावसाळा सोडून केव्हाही यायच्या त्या पांढऱ्या वस्त्रांतल्या अनवाणी जैन साध्वी, ज्यांच्यासाठी तू पाणी उकळून निववून ठेवायचास आणि ज्यांच्या खोलीत दिवा लावायचा नाहीस. माणूस पडवीत पाय ठेवतो. तू पाणी देतोस. मग घमेलं पुढे सरकवतोस, तो पाय बुडवून डोळे मिटतो, आणि तू आत जाऊन डाळीला फोडणी देतोस. नाव, गाव, जात, कुठून आलास, काही विचारत नाहीस. सांगितलं तर ऐकतोस.

मी चौथीत असेन तेव्हाची गोष्ट. शाळेत गुरुजी हजेरी घ्यायचे, तशी मी पडवीतल्या बाकावर बसून आलेल्यांची हजेरी घ्यायला लागले. नाव काय, गाव कोणतं, कुठे निघालात. एक म्हातारा डोक्यावरचं गाठोडं तसंच धरून उत्तरं देत होता, परीक्षेला उभा राहिल्यासारखा. तू आतून आलास, त्याचं गाठोडं उतरवून घेतलंस आणि मला म्हणालास, "तो उभा आहे, तू बसून विचारतेस." एवढंच. आवाज चढवला नाहीस. त्या दिवशी मी जेवले नाही आणि तू समजूत काढायलाही आला नाहीस, आई आली.

तू काही संत नव्हतास, हेही लिहायला हवं, नाहीतर मला खोटं लिहिल्यासारखं वाटत राहील. बाजारच्या दिवशी तू ताडी पिऊन यायचास. मग पडवीत आई बसायची आणि तुलाच आधी पाय धुवायला लावायची, चालणाऱ्या लोकांच्या रांगेत. ते लोक तुला नवा पाहुणा समजून सरकून जागा द्यायचे. आणि मी आठवीला वसतिगृहात निघाले तेव्हा तू मला एक मोठी काळी छत्री दिलीस, कुणीतरी पालखीवाला विसरून गेलेली. मी विचारलं, ज्याची आहे तो परत आला तर? तू म्हणालास, तर त्याला दुसरी देऊ. बाबा, मी त्या छत्रीखाली एकदाही निर्धास्त चालले नाही. कुणी ओळखीचा चेहरा दिसला की मला वाटायचं, हाच तो, आता मागणार.

तू गेलास तेव्हा मी दहावीत होते. कावीळ तुला आठवडाभरात घेऊन गेली. आईने उतारा तसाच चालवला. मग दोन हजार सोळा साली एका सकाळी बागवाले काका स्वतः गाडी करून आले. गुडघे पार गेलेले. पडवीत बसले, पाणी घेतलं, आणि बराच वेळ यंदाच्या चिकवांबद्दल बोलत राहिले. उठता उठता म्हणाले की व्यवहार झाला आहे, मुलांना इथलं काही नको आहे, घेणारा अच्छाडचा ढाबेवाला आहे. आईने विचारलं, चालणाऱ्यांचं काय? ते म्हणाले, शेट भला माणूस आहे. आई म्हणाली, भले तर तुम्हीपण आहात. गाडीत बसायच्या आधी त्यांनी पडवीच्या खांबावर हात ठेवला, आणि मला त्यांची कीव आली.

शेट खरंच भला निघाला. त्याने पुढे हॉटेल बांधलं, वर भाड्याच्या खोल्या काढल्या, पण मागची मोठी खोली चालणाऱ्यांना फुकट ठेवली आणि आपलं बिऱ्हाड आईकडेच राहू दिलं. त्याची भाषा अर्धी गुजराती, अर्धी मराठी, आणि अडलं की हिंदी. पुण्याचं काम आपण कशाला बंद करू बेन, असं तो मला म्हणाला. काळजी मलाच होती. मी कार्यालयात रोज बघते की तोंडी दिलेलं काही टिकत नाही. आज हा आहे, उद्या त्याचा मुलगा असेल. सीझनला मागच्या खोलीत आधी जादाच्या गाद्या ठेवतील, मग वेटर झोपतील, मग एक दिवस तिथे एसी लागेल. म्हणून मीच त्याच्या मागे लागले, की हे लिहून लावा. तो हसला आणि म्हणाला, तुम्हीच लिहा, तुम्ही शिकलेल्या.

मी लिहिलं. फार विचार करून लिहिलं. पायी येणाऱ्यांसाठी मुक्काम व जेवण विनामूल्य. वाहनाने येणाऱ्यांनी समोरच्या खोल्यांची चौकशी करावी. दुसरी ओळ मी मुद्दाम घातली, कारण फिरते विक्रेते आणि ट्रकवाले फुकटची जागा बळकावतील अशी मला भीती होती. पेंटरने निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत ती पाटी मराठी, गुजराती आणि हिंदीत रंगवली. आईने विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, बरं, पण हे सगळ्यांना माहीतच होतं की. मला तेव्हा तिचा राग आला. मला वाटलं, मी एक जागा वाचवली आहे आणि हिला त्याची किंमत नाही.

पहिलं वर्ष नीट गेलं. पुढच्या चैत्रात उंबरगावकडची एक बाई सुनेला घेऊन महालक्ष्मीला निघाली होती. टाचेचे फोड फुटून कातडं सुटलेलं. तलासरीच्या पुढे तिला पाऊल टाकवेना, तेव्हा सुनेने भाजीचा टेम्पो थांबवला आणि त्या टेम्पोवाल्याने त्यांना आपल्या दारात उतरवलं. काउंटरवरच्या मॅनेजरने टेम्पो पाहिला होता. उद्धट नाही तो, चांगला आहे. त्याने विचारलं, मावशी, पायी आलात का? आता नवसाला निघालेली बाई देवीच्या वाटेवर खोटं कसं बोलणार? ती म्हणाली, इथपर्यंत नाही. त्याने पाटीकडे बोट दाखवलं आणि समोरच्या खोलीचं भाडं सांगितलं. त्या दोघी वाद न घालता वळल्या. ती बाई त्या पायाने हायवे ओलांडून पलीकडे आंब्याखाली जाऊन बसली. आई खरकटं टाकायला बाहेर आली तेव्हा तिने त्यांना पाहिलं, गाड्या चुकवत पलीकडे गेली आणि दोघींना आपल्या खोलीत घेऊन आली.

हे सगळं आईने मला फोनवर सांगितलं, अगदी शांतपणे. शेवटी म्हणाली, "ती बाई खोटं बोलली असती तर तिला आत घेतलं असतं. असलं दार आपण कधी केलं नव्हतं गं."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून चारोटीवरून इको गाडीने तिथे पोचले. त्या दोघी पहाटेच निघून गेल्या होत्या. मी तावातावाने शेटकडे गेले. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाला, "बेन, पाटी तुमची. मी काना-मात्रा बदलली नाय. काउंटरवरचा पोरगा लिहिलंय तसं करतो, त्याला काय बोलू?" मग मी आपल्या खोलीत बसून ती पाटी सुधारायला घेतली. आजारी, वृद्ध, गरोदर स्त्रिया. वाटेत काही अंतर वाहनाने यावे लागल्यास. काही म्हणजे किती? ते कोण ठरवणार? अनवाणी चालणाऱ्यांना वेगळं धरायचं का? मी खोडत होते, लिहीत होते. आई बाजूला डाळ निवडत होती. ती म्हणाली, लिही, अजून लिही, पाटी वाचून संपेपर्यंत माणसाला मुक्कामच करावा लागेल. मला हसू आलं नाही. थोड्या वेळाने आलं, आणि मग मी तो कागद फाडला.

संध्याकाळी मी शेटला म्हटलं, पाटी काढून टाका. तर त्याने मला माझंच बोलणं ऐकवलं. पाटी काढली तर उद्या माझ्या मुलाला कोण सांगणार, ही खोली चालणाऱ्यांची आहे म्हणून? तुम्हीच बोललेल्या, लिहिलेलं राहतं. बाबा, तो चुकीचं बोलत नव्हता. पाटी असेपर्यंत जागा राहील, पण दारात प्रश्न उभा राहील. पाटी गेली की प्रश्न जाईल, आणि मग कदाचित एक दिवस जागाही. मी आजवर लिहिलेल्याच्या बाजूने उभी राहिले आहे. लिहिता आलं म्हणून तर मी त्या बिऱ्हाडातून इथवर आले, आणि आता त्यातलं माझंच वाक्य पुसा म्हणून मी हात जोडत होते. शेटने गल्ल्यावर बोटं वाजवली. मग तो म्हणाला की काढतो, पण मग दारात घरचं माणूस पाहिजे. मॅनेजरला नुसतं बघून घे म्हटलं तर तो सगळ्यांना घेईल, नाहीतर कुणालाच नाही. मासी, म्हणजे आई, आहेत तोवर ठीक. "मासीनंतर कोण?" त्याने विचारलं. मागच्या दारात बसलेली आई डाळीच्या सुपात बघत राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि म्हणूनच मला बोलावं लागलं. मी म्हटलं, शनिवारी-रविवारी मी बसते, पुढचं पुढे बघू. पुढचं पुढे, हे शब्द माझ्या तोंडून तू कधी ऐकले आहेस का?

पाटी त्याच आठवड्यात उतरली. वर्ष झालं. आता कुठेच काही लिहिलेलं नाही, आणि इकोत बसल्यावर मी मनातल्या मनात शेटबरोबरचा करारनामा लिहीत असते, कलमं घालून. चैत्र पुन्हा येऊन गेला, लोक आले, निजले, गेले. आईचे गुडघे दुखतात. बहुतेक महिन्यांत मी दोन्ही दिवस जाते, आजच्यासारखा एखादा रविवार चुकतो. मी तिथे कायमची जाईन का, ही नोकरी सोडेन का, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना दारात बसायला मी अजून शिकते आहे.

हे मी आईला वाचून दाखवणार होते, म्हणजे भाकरी थापताना तिने तुझ्यापर्यंत पोचवलं असतं. पण पुढचं मला तिच्यासमोर वाचता येणार नाही, म्हणून हे इथेच राहणार. गेल्या शनिवारी दुपारी एक माणूस आला. खांद्याला बॅग, शर्टाची इस्त्री मोडलेली नाही. पायी आलात का, हे अगदी ओठांवर आलं होतं. मी पाणी दिलं. तो पाणी प्यायला, थोडा अवघडला आणि म्हणाला, ताई, मी खरं तर. तू ऐकून घेतलं असतंस; मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. बसा, डाळ होतच आली आहे, असं म्हणून मी घाईने आत निघून गेले, आणि डाळ अजून चुलीवर चढलीही नव्हती. तो काय सांगणार होता ते मला माहीत होतं, बाबा. त्याच्या बुटांना धूळ नव्हती.